मर्विनदादांनी पाच मिनिटांत नीट केलेली स्क्रीन

सेडुना, रविवार, २५ मे

तीर्थरूप मर्विनदादा यांच्या चरणांपाशी,

धाकटी बहीण नोरीन हिचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढी वाकले आहे; राहिलेला नमस्कार प्रत्यक्ष भेटीत पुरा करीन). इकडे सगळं ठीक. आपली प्रकृती कशी आहे? उजवा गुडघा काय म्हणतो? लॉरेनवहिनींच्या गुलाबांनी यंदा पोर्ट ऑगस्टाची धूळ सोसली का? मासे लागतायत का, की अजूनही आपण नुसते गळ धुऊन घरी येता?

खरं म्हणजे ही विचारपूस फोनवरच झाली असती. परंतु गेल्या महिन्यात मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा आपण माझा आवाज ओळखून, एकही शब्द वाया न घालवता, फोन ठेवून दिलात. पाचव्यांदा मी वहिनींच्या मोबाइलवर केला, तर तोही आपणच उचललात आणि "ती घरी नाही" म्हणालात, त्याच वेळी मागून वहिनी "कोणाचा आहे?" म्हणून विचारत होत्या. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. स्टॅव्रोसचा कालवांचा ट्रक आज दुपारी इथून निघतो, तो संध्याकाळी आपल्या दारात थांबून हे पाकीट वहिनींच्या हातात देईल. फोन खाली ठेवला की गप्प बसतो. पत्राचं तसं नाही. ते टेबलावर पडून राहतं, आणि आपण दहा मिनिटांनी परत त्याच्याभोवती फिरकणार हे मला गेल्या त्रेसष्ट वर्षांच्या अनुभवानं ठाऊक आहे.

विषय माझ्या लॅपटॉपचा आहे. हो, तोच. ज्याला आपण ईस्टरला "पोरासोरांचं खेळणं" म्हणालात आणि मग दुपारभर त्याच्यासमोरून हललात नाहीत. आपल्याला आठवत असेलच (आपल्याला बरंच आठवतं, फक्त सोयीचं तेवढंच), की गेल्या सप्टेंबरात माझा फ्रिज बिघडला होता. नवा फ्रिज घ्यायला म्हणून मी गेले आणि खास खेळांसाठी बनवलेला लॅपटॉप घेऊन आले. माझा लिंडसे असता तर हसून हसून त्याला ठसका लागला असता. आपण हसला नाहीत. आपण म्हणालात, "विधवा बाईनं फ्रिज घ्यावा." तर दादा, फ्रिज शेजारच्यांनी त्यांचा जुना दिला, तो मस्त चालतो, आणि दर शनिवारी जेवणं आटोपली की द्वीपकल्पातल्या सहा गावांतल्या आम्ही सहा बायका आपापल्या स्वयंपाकघरात बसून एकमेकींशी मोटारींच्या शर्यती लावतो. वडिन्नाची ग्लेंडा वीबे, जिच्या नवऱ्याचा गहू आपण इकडे गाडीनं येताना खिडकीतून पाहिला असेल, ती बाई चर्चमध्ये मान वर करून बोलत नाही. पण शर्यतीत वळण आलं की बेधडक दुसरीच्या गाडीला टेकून वळते. लिंडसे गेल्यानंतर आठवड्यातले हे दोन तास असे आहेत की त्यात मी घड्याळ बघत नाही. एवढं एकच वाक्य या पत्रात सरळ मनानं लिहिलं आहे. पुढे वाचावं.

या लॅपटॉपचा सगळा मोठेपणा त्याच्या स्क्रीनमध्ये आहे. ती सेकंदाला एकशे पासष्ट वेळा नवं चित्र दाखवते. साध्या स्क्रीनवर हेच काम सेकंदाला साठ वेळा होतं. बँकेचा हिशोब बघायला साठ पुष्कळ झाले. पण ताशी अडीचशेच्या वेगानं वळणावर घुसताना समोरची गाडी साठ वेळा दिसणं आणि एकशे पासष्ट वेळा दिसणं यात, डांबरी रस्ता आणि नांगरलेलं शेत यांत असावा तेवढा फरक पडतो. हे मी आपल्याला ईस्टरच्या शनिवारी सविस्तर सांगितलं होतं. आपण त्या वेळी माझं ऐकत होता, की लॅपटॉपच्या खालचे स्क्रू मोजत होता, हे मला सांगता येणार नाही.

मग आपण तो दुरुस्त केलात. तो बिघडला नव्हता, ही क्षुल्लक बाब आपण मनावर घेतली नाहीत. त्याचा पंखा जरा आवाज करत होता, एवढंच. खेळताना तो करतोच. आपण म्हणालात, "बंद पडायची लक्षणं आहेत ही. सरक." आता ज्या माणसानं एक्केचाळीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळले, त्याला जगातली कुठलीही तारेची वस्तू कळते, यावर आपल्या घराण्यात कोणी शंका घेत नाही (माझा टोस्टर आपण नीट केल्यापासून पाव छतापर्यंत उडतो, पण उडतो मात्र अगदी सरळ). मी सरकले. आपण पाच मिनिटं खटपट केलीत, दोन-तीन ठिकाणी काही निवडलंत, पंख्याचा आवाज थांबला, आणि आपण खुर्चीत मागे रेलून म्हणालात, "झालं. आवाज बंद, आणि स्क्रीन पूर्ण एकशे पासष्टवर. मी स्वतः लावलीय." मी आपल्याला खोबऱ्यात घोळवलेले दोन लॅमिंग्टन केक जास्त वाढले. ते लॅमिंग्टन मला परत हवे आहेत.

सोमवारी आपण गेलात. पुढच्या शनिवारी मी शर्यतीला बसले, आणि सुरुवातीच्या झेंड्यालाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर झालंय. गाड्या सरळ पुढे जाईनात, त्या उड्या मारत जायला लागल्या. आत्ता इथे असलेली ग्लेंडा पुढच्या क्षणी हातभर लांब. वळणावर चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसे. झाडाचं खोड एकीकडे आणि शेंडा भलतीकडे. मी तिसऱ्या वळणावर भिंतीला, सहाव्या वळणावर ग्लेंडाला आणि नवव्या वळणावर पुन्हा त्याच भिंतीला धडकले. सहा जणींत सहावी आले. ग्लेंडानं नंतर विचारलं, "नोरीन, शेरीचा ग्लास जरा जास्त झाला का गं?" ग्लेंडा वीबेनं, मला.

मी लगेच आपल्याला फोन केला (तेव्हा आपण फोन उचलत होता). म्हटलं, दादा, स्क्रीन थरथरते, चित्र उड्या मारतं. आपण क्षणभरही विचार न करता निदान केलंत. आपण म्हणालात, "स्क्रीनला काही झालेलं नाही, मी स्वतः बघितलीय. तुझे डोळे गेलेत. वय झालं की जातात. मान्य कर." मी म्हटलं, माझे डोळे चांगले आहेत. आपण म्हणालात, सगळे असंच म्हणतात. इथपर्यंत मी काही मनाला लावून घेतलं नसतं, कारण आपण मला सहाव्या वर्षापासून काही ना काही गेलं असल्याचं सांगत आला आहात. परंतु त्यानंतर आपण थोरल्या भावाचं कर्तव्य म्हणून आणखी एक फोन केलात. तो ट्रिश डेव्हलिनला.

ट्रिशची माणसं ओळखण्याची पद्धत आपल्याला माहीत नसेल, म्हणून सांगते. ती बाई माझी मालकीण आहे, तिच्या सात बस आहेत, आणि गेली एकोणीस वर्षं त्यातली तीन नंबरची शाळेची बस मी चालवते. पहाटेच्या धुक्यात कांगारू रस्त्यात येतात, समोरून धान्याचे तीन-तीन डब्यांचे ट्रक येतात, आणि माझ्या मागे बावीस पोरं बसलेली असतात. एकोणीस वर्षांत मी एका सशालाही धक्का लावला नाही. अशा बाईबद्दल तिच्या सख्ख्या भावानं फोन करून सांगितलं की "तिला वस्तू उड्या मारताना दिसतात", तर मालकिणीनं काय करावं? ट्रिशनं मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं, आणि म्हणाली, "नोरीन, मला तुझ्यावर संशय नाही गं. पण मला हे कळलंय, आणि आता कळलं नाही असं मला म्हणता येत नाही. डोळ्यांचं प्रमाणपत्र आण, मग किल्ली घे." तिचं काही चुकलं नाही. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. म्हणून तर जास्त लागलं.

अशा रीतीनं, दादा, आपल्या कृपेनं मी चार आठवडे बस धुतल्या. सातही. डोळ्यांची डॉक्टर थुई लाम आमच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच येते, चौथ्या शुक्रवारी. तोवर हातात पाण्याची नळी. माझी बस ट्रिशचा मेहुणा चालवत होता, तो गिअर असे टाकतो की फाटकापासून ऐकू येतं. पोरं उतरताना मला नळीसकट बघायची आणि विचारायची, "मिसेस ट्रेगर, तुम्हाला काय शिक्षा झालीय का?" मी सांगायची, हो, भाऊ झालाय.

या चार आठवड्यांत मी लॅपटॉप दुरुस्त करायचे जे उपाय केले, ते आपल्या करमणुकीसाठी लिहिते. पहिल्यांदा ग्लेंडानं सांगितलं म्हणून स्क्रीनला चित्र पुरवणारा प्रोग्राम काढून नवा टाकला. चार तास लागले. त्यानंतर गाड्या पूर्वीइतक्याच उड्या मारू लागल्या, पण रंग जास्त छान दिसू लागले, म्हणजे धडकताना भिंत किती सुरेख विटांची आहे ते कळायचं. मग हार्डवेअरच्या दुकानातल्या रॉन क्लोडनकडे नेला. रॉन पंप दुरुस्त करतो. त्यानं लॅपटॉप कानाला लावून ऐकला, आणि म्हणाला, पाणी खेचत नाहीये. (हा विनोद तो गेली तीस वर्षं करतो. मी हसले, कारण मला त्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर हवा होता.) मग मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, म्हटलं स्क्रीनच बदलू, तर टीव्ही सेकंदाला साठांच्या वर जातच नाही, त्यामुळे तेच दुःख चौपट मोठं दिसायला लागलं. मग बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. पन्नास मिनिटं सनई ऐकवल्यासारखं काहीतरी ऐकवलं, आणि मग एक फार गोड आवाजाची मुलगी आली. तिनं मला लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला. मग चार्जर काढून लावायला लावला. मग म्हणाली, मॅडम, आता सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनचा वेग किती आहे तो आकडा मला वाचून दाखवा.

आणि इथे, दादा, मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "ते बघायची गरज नाही. ते माझ्या भावानं स्वतः लावलंय. एकशे पासष्टवर आहे. तो रेल्वेत होता."

ग्लेंडानंही हेच विचारलं होतं. रॉननंही, पंपाचा माणूस असून. तिघांनाही मी हेच उत्तर दिलं, आणि तिसऱ्या वेळी तर जरा रागावून. बाकी सगळीकडे शोधलं. जिथं आपला हात लागला होता तेवढी एकच जागा मी पवित्र म्हणून सोडून दिली.

खोटं कशाला सांगू, तिसऱ्या आठवड्यात मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. वाटलं, दादा म्हणतोय तेच खरं असेल. मी जेट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहायची आणि लांबच्या बोटींची नावं वाचायची. वाचता यायची. मग वाटायचं, ही नावं मला पाठ आहेत, म्हणून तर वाचता येत नसतील? एकदा तर मी एका अनोळखी माणसाला थांबवून त्याच्या टोपीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं आणि बरोबर का विचारलं. तो "हो" म्हणाला आणि झपाझप निघून गेला. बस नसेल तर मी सकाळी साडेपाचला कशासाठी उठणार, हा प्रश्न मी त्या आठवड्यात बराच वेळ चहा थंड होईपर्यंत मनात घोळवला. ते असो.

परवा शुक्रवारी थुई लाम आली. मी लॅपटॉप काखोटीला मारूनच गेले. ती लहानशी, चटपटीत बाई आहे. तिचे आईवडील व्हिएतनामहून आले, आणि ती ॲडलेडहून महिन्याला एकदा आमच्यासारख्यांचे डोळे बघायला विमानानं येते. तिनं माझ्या डोळ्यांत थेंब टाकले, दिवे मारले, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी सर्वात खालची ओळ वाचली आणि त्याखालचा छापखान्याचा पत्ताही वाचला. ती म्हणाली, "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. तुम्हाला कोणी सांगितलं ते गेले म्हणून?" मी सगळी हकीकत सांगितली. ती लॅपटॉपकडे बघून म्हणाली, "अय्या, मीपण खेळते. बघू." तिनं सेटिंग उघडलं, एक पान, दोन पानं, आणि थांबली.

"नोरीन, हे साठवर आहे."

मी म्हटलं, शक्य नाही.

तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. साठ. ठळक अक्षरांत. खाली यादीत एकशे पासष्ट स्वस्थ बसलेलं होतं, कोणीही न निवडलेलं. एवढंच नव्हे, लॅपटॉपच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये आपण 'शांत' नावाचा पर्याय निवडून ठेवला होता. तो पंख्याचा आवाज कमी करतो, बॅटरी वाचवतो, आणि त्या बदल्यात कोणी चुकून वेग वाढवलाच तर गुपचूप परत साठवर आणून ठेवतो. म्हणजे आपण घोड्याचे पाय बांधलेत, तबेल्याला कुलूप लावलंत, आणि मला सांगितलंत की आता बघ कसा धावतो. थुईनं दोन्ही बदललं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. पंखा गरजला, मी खेळ लावला, आणि दादा, गाडी अशी गेली, जसं बशीतून तेल सरकतं.

थुईला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तिनं लॅपटॉप स्वतःकडे फिरवायचा, वेग साठ किंवा एकशे पासष्ट ठेवायचा, माझ्याकडे फिरवायचा आणि मी ओळखायचं, असं दहा वेळा केलं. दहाच्या दहा वेळा मी बरोबर सांगितलं. तिनं सरकारी प्रमाणपत्र दिलंच, शिवाय एका चिठ्ठीवर आपण होऊन लिहून दिलं की या बाईंना सेकंदाच्या साठाव्या भागात झालेली लबाडी दिसते. ट्रिशनं ती चिठ्ठी ऑफिसात फळ्यावर लावली आहे आणि तीन नंबरची किल्ली माझ्या हातात ठेवली. नंतर तिनं मला घट्ट जवळ धरलं. तिच्या मेहुण्यालाही सुटल्यासारखं झालं असावं. गिअरबॉक्सला तर नक्कीच.

काल शनिवारी शर्यत झाली. सहा जणींत चौथी आले. ग्लेंडानं मला शेवटच्या वळणावर टेकून बाजूला सारलं, आणि ते मला आरपार स्वच्छ दिसलं.

तर सारांश असा, तीर्थरूप. डोळे माझे शाबूत होते. स्क्रीन शाबूत होती. मधे फक्त आपण होता. साठवर लावून एकशे पासष्ट सांगायचं, आणि वर माझी भाकरी काढून घ्यायची, याला काय म्हणायचं ते आपणच ठरवा. हा सगळा हिशोब मला फोनवर चुकता करायचा नाही. मी उद्या, सोमवारी, दुपारी तीन वाजता, लॅपटॉप घेऊन आपल्या दारात हजर होते आहे. आपण तो उघडायचा, स्वतःची करणी स्वतः बघायची आणि वहिनींच्या देखत माफी मागायची. हिंमत असेल तर घरी थांबा. नसेल तर मासे पकडायला जा. मी शेजारच्या चारही घरी हे पत्र वाचून दाखवीन आणि तोवर आपली वाट बघीन.

वहिनींना नमस्कार, गुलाबांना आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक (पत्राच्या शेवटापुरती),
नोरीन

ता. क. वहिनी, हा दुसरा कागद मुद्दाम वेगळा घडी घातला आहे. पहिला तू त्याला मोठ्यानं वाचून दाखवला असशील. चष्मा सापडत नाही म्हणून गेलं वर्षभर तूच त्याला सगळं वाचून दाखवतेस, ते तू मला ईस्टरला भांडी पुसताना हसत सांगितलं होतंस. हा मात्र वाचून दाखवू नकोस. तो आत्ता स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत "येऊ दे तिला" म्हणत असेल. म्हणू दे. तू अंगणात जा आणि हे वाच.

थुईनं सगळ्यात शेवटी मला एक कागद दाखवला, चौकटी-चौकटींचा, मधे एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं. मला सरळ दिसल्या. मी आपली हसत म्हटलं, माझा भाऊ याही वाकड्या आहेत म्हणेल. ईस्टरला तो माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून सांगत होता, की लिंडसेनं दाराची चौकट वाकडी बसवलीय, मधे पोट सुटलंय तिला. गाडीतून सरळपणा मोजायची लेव्हल आणून लावली. बुडबुडा बरोबर मध्यावर. तर म्हणाला, लेव्हल खराब आहे. हे सांगून मी हसले. थुई हसली नाही. तिनं विचारलं, आणखी काय? आणि मी मूर्खासारखी एकेक गंमत सांगत गेले. लॅपटॉप वास घेतल्यासारखा नाकाला लावून बघत होता. लोणच्याच्या बरणीवर हल्ली अक्षरंच नीट छापत नाहीत म्हणाला. सांगता सांगता माझंच हसू थांबलं.

तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "नोरीन, तुमचा भाऊ खोटं बोलला नसेल. यादीतला आकडा त्याला दिसलाच नसेल."

तिनं त्याला तपासलेलं नाही, तेव्हा ती नक्की सांगत नाही. पण सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या तर डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यावर पाझर होत असू शकतो म्हणाली. लवकर गाठलं तर इंजेक्शनं देऊन थांबवता येतं. जे गेलं ते बहुतेक परत येत नाही, पण राहिलेलं वाचतं, आणि एकेक आठवडा मोलाचा असतो. तिनं माझ्यासमोरच ॲडलेडला फोन लावून तिच्या ओळखीच्या डॉक्टरांची पहिली मोकळी वेळ घेतली. मंगळवारी सकाळी साडेदहा.

आणि असा माणूस, वहिनी, ईस्टरला चारशे सत्तर किलोमीटर गाडी चालवत आला आणि तेवढीच परत गेला. मी परवापासून तेच बघतेय डोळ्यांसमोर.

ता. क. दुसरी. गाडीच्या किल्ल्या आजच लपव. कुठे ते मलाही सांगू नकोस, मी रागात बोलून जाईन. दोन दिवसांचे कपडे भरून ठेव. त्याचेही आणि तुझेही. मी उद्या सकाळची बस सोडून निघते. दुपारची फेरी आणि मंगळवार-बुधवार ट्रिश स्वतः चालवणार आहे. किल्ली हातात येऊन दोन दिवस झाले नाहीत आणि मी रजा मागितली, म्हणून मला वाटलं ती चिडेल. ती फक्त म्हणाली, "थोरला ना? जा."

ता. क. तिसरी. त्याला डॉक्टरचं काही सांगू नकोस. सांगितलंस तर तो पहाटेच गळ घेऊन निघून जाईल, चालत जाईल, पण जाईल. डोळे गेलेत हे तो मला सांगू शकतो, स्वतःला नाही. त्यानं मला फोनवर "वय झालं की जातात" म्हटलं ना, ते तो कोणाला सांगत होता, हे आता मला कळतंय. म्हणून पहिला कागद लिहिला. त्यातलं बरंचसं खरं आहे, आणि चार आठवडे बस धुतल्याचा रागही खरा आहे. पण एवढी पानं मी त्याला घरी थांबवायला लिहिली आहेत. भांडण अर्धवट टाकून तो जन्मात कुठे गेलेला नाही. तू फक्त सांग, नोरीन भांडायला येतेय.

आधी घरात भांडू, मग भांडता भांडता त्याला गाडीत बसवू. ॲडलेड तिथून तीनशे किलोमीटर आहे. तेवढ्या वाटेला पुरेल इतकं भांडण माझ्याकडे आहे.